आवाहनाने उभे राहणारे रंगस्थळ

परभणी जिल्ह्याच्या लोकजीवनात संगीत आणि नाट्य यांचा जो मेळ खोलवर रुजलेला आहे, तो म्हणजे गोंधळ, अर्थात लग्नकार्यानंतर किंवा अन्य मंगलप्रसंगी कुलदेवतेसाठी रात्री घातले जाणारे विधिनाट्य. परभणीच्याच राजारामभाऊ कदम यांच्यासारख्या थोर गोंधळ्यामुळे त्याची कीर्ती जिल्ह्याच्या सीमा ओलांडून गेली.

या नाट्याला कायमचे नाट्यगृह नसते, त्यामुळे त्याचे रंगस्थळ प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावे लागते. अंगण सारवून चौरंगावर कोरे वस्त्र अंथरले जाते, त्यावर तांदळाचा चौक भरून कलश मांडला जातो आणि उसाची किंवा ज्वारीची ताटे शेंड्यांशी बांधून त्याभोवती मखर उभारले जाते. दिवटी पेटली, तुणतुण्याचा अखंड सूर लागला आणि संबळावर, म्हणजे एकत्र बांधलेल्या लहानमोठ्या दोन वाद्यांच्या जोडीवर, काठ्या पडू लागल्या की रोजच्या वावरातले ते अंगण पाहता पाहता पालटून जाते.

गणानंतर, म्हणजे गणेशस्तवनानंतर, येणारे आवाहन हा या विधीचा गाभा होय. तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची महालक्ष्मी, जेजुरीचा खंडोबा अशा दैवतांना त्यांच्या ठाण्यांसह पाचारण केले जाते आणि शेजारीपाजारीही त्याच अगत्याने सामावून घेतले जातात. पुढे आख्यान रंगते, तेव्हा नायक, म्हणजे मुख्य गोंधळी, कथा गातो, साथीदार मध्येच प्रश्न विचारून ती खुलवतो आणि दोघे मिळून अनेक पात्रे उभी करतात.

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’पासून, म्हणजे 1880 पासून, बहरलेल्या संगीत रंगभूमीने पडदा, नेपथ्य आणि तिकिटाची खिडकी आणली व तिच्या नाट्यपदांनी मराठी कान घडवला, तरीही नांदी गाऊन मंगलाचरण करण्याची रीत तिनेही जपली. अंगण असो वा नाट्यगृह, रंगस्थळ आवाहनानेच उभे राहते; म्हणूनच जिल्ह्याच्या गावांतील एखाद्या जुन्या रंगमंदिराचे नूतनीकरण होते, तेव्हा खुर्च्या, प्रकाशयोजना आणि ध्वनिव्यवस्था यांच्याइतकाच विचार गावाला अगत्याने बोलावण्याचाही व्हायला हवा. नव्या रंगमंचावर पहिला मान गोंधळ्यांना मिळाला आणि आजवर तिकिटाच्या खिडकीपर्यंत कधीही न आलेली कुटुंबे पुढच्या रांगेत बसली, तर त्या वास्तूवर झालेला खर्च खऱ्या अर्थाने सार्थकी लागेल, कारण रंगमंदिर आपले आहे ही भावना गावात रुजली तरच त्याची पुढची देखभाल गाव आपणहून करील.