दोन चिठ्ठ्या, एक माणूस

बाजारच्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतली माणसं मानवतला येतात आणि गावाकडे परतताना आमच्या मेडिकलवर थांबतात. कुणाकडे ग्रामीण रुग्णालयाचा केसपेपर असतो, कुणाकडे परभणीच्या खाजगी डॉक्टरची चिठ्ठी. पुष्कळांकडे दोन्ही. त्या दोन डॉक्टरांची गाठ सहसा पडत नाही, पण त्यांचे कागद आमच्या काउंटरवर शेजारी शेजारी येतात. फार्मासिस्टचं खरं काम तिथून सुरू होतं, असं मी मानतो.

"मामा, पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या," असं मी सांगून ठेवतो. मग पिशवी उलटी होते. बीपीवरच्या टेल्मिसार्टनची दोन पाकिटं निघतात. कंपन्या वेगळ्या, रंग वेगळा, औषध तेच. एक सकाळी, एक रात्री. "उठलं की गरगरतं वो," मामा म्हणतात. त्यात गुडघ्यासाठी रोज डायक्लोफेनॅक, शेजाऱ्यानं सांगितलं म्हणून. या गोळीनं बीपी वाढू शकतं, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. डॉक्टरांनी सुरू केलेली गोळी मी आपल्या मनानं बंद करत नाही, तो अधिकार माझा नाही. मामांच्या देखतच डॉक्टरांना फोन लावतो, दोन्ही पाकिटांवरची नावं वाचून दाखवतो आणि ते सांगतील ते चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून देतो. डायक्लोफेनॅक मात्र चिठ्ठीशिवाय देत नाही. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

कापूस वेचणीच्या दिवसांत खोकल्याची बाटली मागणारे वाढतात. किती दिवसांपासून, हे मी विचारतोच. दोन आठवड्यांच्या वर असेल तर क्षयरोग असू शकतो, म्हणून बाटलीआधी थुंकीची तपासणी. क्षयरोगाची औषधं देणाऱ्या दुकानदारानंही रुग्णाची माहिती सरकारला कळवायची, हा नियम मार्च 2018 पासून आहे. क्षयरोगावरचं रिफाम्पिसिन 2014 पासून शेड्यूल एच-1 मध्ये, म्हणजे विक्रीची वेगळी नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत आहे. डॉक्टर, रुग्ण, औषध, किती दिलं, सगळं रजिस्टरला चढतं आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. अनेकांना ती कटकट वाटते. मला त्याच पानांवरून कळतं, की अमक्याच्या गोळ्या संपून चार दिवस झाले आणि तो फिरकला नाही. मग आधी त्याला फोन, आणि उचलला नाही तर क्षयरोग विभागाच्या कर्मचाऱ्याला.

हे सगळं आज ओळखीपाळखीवर चालतं. केसपेपरवर बाहेरून चालू असलेल्या औषधांचा एक रकाना हवा, आणि त्याखाली मेडिकलवाल्याचा फोन नंबर.