विहाराच्या पाच पायऱ्या

आईला भेटून गावाहून जालन्याला परत निघालो. गाडी मी चालवत होतो. शेजारी दोस्त, पोलिओनं दोन्ही पाय लुळे. कुबड्या मागच्या सीटवर. अंबड मागं पडेस्तोवर बोललाच नाही. मग म्हणाला, "तुझ्या पुतण्यानं मला पोत्यागत उचलून विहारात नेलं. विचारलं का कुणी?"

पाच पायऱ्या. २०१६च्या कायद्यानं अपंगत्वाचे २१ प्रकार मोजले, सार्वजनिक जागी सगळ्यांना शिरता आलं पाहिजे हेही लिहिलं. आम्ही वर्गणीतून फरशी बसवली, कठडा केला. उतार नाही. पावत्या मीच फाडल्या होत्या.

"बाहेर बसूनही वंदना ऐकू आली असती," तो म्हणाला. "पण बाहेर बसायचं नाही, असं आपणच शिबिरात सांगतो ना?"

मी नुसता गियर बदलला.

जालना येता येता त्यानंच विचारलं, "सिमेंटचं पोतं कितीला आलंय रे?"