ब्रेक उघडण्याआधी

फरिदाबाद,
5 ऑक्टोबर 2025

चि. ओंकार,

दसऱ्याला तुझा फोन आला तेव्हा घरात पूजेची गडबड होती, नीट बोलणं झालं नाही. पुढचे ब्रेक बदलायला झालेत असं गॅरेजवाल्याने सांगितलं, चाकामागचा गंज बघून तू घाबरलास आणि फोन ठेवता ठेवता विचारलंस, "मामा, मी स्वतः केलं तर?" याचं उत्तर फोनवर एका शब्दात देण्यासारखं नाही, म्हणून लिहितोय. हे पत्र गाडीच्या कप्प्यात ठेव आणि काम करताना शेजारी उघडं ठेव. गुरुग्रामला मी स्वतःही आलो असतो, पण मग पाना माझ्या हातात राहिला असता आणि तू नुसता बॅटरी धरून उभा राहिला असतास.

आधी एक गोष्ट लक्षात घे. दिल्लीच्या टापूत जुन्या गाडीबद्दल बोलणं निघालं की सगळे वर्षं मोजतात. डिझेलला 10, पेट्रोलला 15. सर्वोच्च न्यायालयाने 29 ऑक्टोबर 2018 ला ही मर्यादा कायम केली. यंदा 1 जुलैपासून दिल्लीच्या पंपांवर जुन्या गाड्यांना तेल न देण्याचा नियम आला आणि काही दिवसांतच थांबवला गेला. मग 12 ऑगस्टला न्यायालयाने सांगितलं की तूर्त केवळ वयामुळे कुणाच्या गाडीवर सक्तीची कारवाई करू नका. या सगळ्यात चर्चा झाली ती धुराची आणि वर्षांची. धुराची चर्चा व्हायलाच हवी, इथली हिवाळ्यातली हवा तू आता स्वतः अनुभवतो आहेस. पण खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि तेवढ्या काळात पीयूसीच्या पलीकडे तिची नियमित सरकारी तपासणी होत नाही. पीयूसीवाला धूर मोजतो, चाक काढत नाही. म्हणजे 15 वर्षं ब्रेक उघडून बघायची जबाबदारी मालकाची, आणि बहुतेक मालक ते कधीच बघत नाहीत. मीही बघितले नव्हते.

माझी वॅगन आर 2011 ची. 2023 च्या जुलैत यमुना 208.66 मीटरवर गेली, तेव्हा आयटीओजवळ ती दोन दिवस अर्धी चाकं बुडतील एवढ्या पाण्यात उभी होती. पुढे मी मेट्रोच्या व्हायोलेट लाईनने ऑफिसला जाऊ लागलो आणि गाडी आठवडा आठवडा जागची हलेना. गंजाला याहून सोयीचं काही नसतं. रोज चालणाऱ्या गाडीच्या डिस्कवर रात्रीच्या दवाने आलेला तांबूस थर सकाळी दोन-चार वेळा ब्रेक दाबला की पुसला जातो. उभ्या गाडीचा तो थर हिवाळाभर धुक्यात मुरत राहतो आणि लोखंडाला खड्डे पाडतो.

गेल्या वर्षी मथुरा रोडवर ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढू लागली. एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथल्या मुलाने चाकाच्या फटीतून बॅटरी मारली आणि पॅड अजून अर्धे आहेत म्हणून सांगितलं. त्याने जे पाहिलं ते खरंच होतं, पण फटीतून दिसतो तो बाहेरचा पॅड. मी उजवं चाक काढलं तेव्हा आतल्या पॅडची लायनिंग पूर्ण संपून मागची पत्रीच डिस्कवर घासत होती. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून जाम झाल्या होत्या. कॅलिपर सरकेना, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर. उजवा ब्रेक दुबळा पडला, डावा ठीक होता, म्हणून गाडी डावीकडे जायची. तुझी मामी आणि माझी लेक चिनू त्याच गाडीतून वर्षभर फिरत होत्या. तेव्हापासून ठरवलं की वर्षातून एकदा चारही चाकं उतरवून आत बघायचं. यंदा ते काम खंडेनवमीच्या आधी उरकलं आणि साफ केलेले पाने पूजेत मांडले.

आता तुझं काम. एक अख्खा दिवस काढ आणि दुसऱ्या दिवशी गाडीची गरज नाही असं बघ. गंजलेल्या गाडीवर संध्याकाळी पाचची वेळ डोळ्यासमोर ठेवून काम केलं की नट तुटतात. आदल्या रात्री कॅलिपरच्या बोल्टांवर आणि हवा काढायच्या निपलवर गंज सोडवणारं तेल मार. पॅडवर किंवा डिस्कवर त्याचा थेंब जाऊ देऊ नकोस. सकाळी पुन्हा एकदा मार. तेल आट्यांत झिरपायला वेळ लागतो, तिथे आपला जोर कामाचा नाही.

जागा सपाट आणि पक्की हवी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लाव, हँडब्रेक ओढ. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल कर. जॅकने उचललीस की लगेच खाली स्टँड दे. इथले मिस्त्री त्याला घोडी म्हणतात. नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. जुन्या ब्रेकची धूळ फुंकून उडवू नकोस, ओल्या फडक्याने पूस आणि मास्क लाव. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं.

बोल्टला नेमक्या मापाची, सहा कोनांची गोटी लाव. ढिली गोटी कोपरे खाते आणि मग बोल्ट कशालाच दाद देत नाही. सोडवण्याआधी बोल्ट किंचित आवळून बघ. गंजाची पकड पुष्कळदा त्या उलट्या हिसक्याने सुटते. मग अर्धा आटा सोड, पाव आटा परत आवळ, पुन्हा सोड. कॅलिपर निघाला की तारेने वर बांध, रबरी पाइपवर लोंबकळत ठेवू नकोस. पाइप आतून फाटला तर बाहेरून कळत नाही.

पॅड ब्रॅकेटमध्ये चिकटून बसलेले असतील. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. पत्र्याच्या क्लिपांखाली तो फुगतो आणि पॅडला दोन्हीकडून आवळतो. नवे पॅड बसत नाहीत म्हणून त्यांचीच कड घासणारे लोक मी पाहिले आहेत. तसं करू नकोस. क्लिपा काढ, खालचा गंज तारेच्या ब्रशने आणि कानशीने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत काढ, नव्या क्लिपा लाव, मग पॅड बोटाने सरकतात. पिनांना सिलिकॉनचं ग्रीस लाव. साध्या ग्रीसने त्यांच्यावरचं रबर फुगतं आणि पिना पुन्हा जाम होतात.

डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते. व्हर्नियरने मोज, कमी भरली किंवा खड्डे खोल असतील तर दोन्ही बाजूंच्या डिस्क बदल. वॅगन आरच्या डिस्कला आट्यांची दोन भोकं असतात. त्यांत 8 मिलिमीटरचे दोन बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत गेलं की गंजाने हबला धरलेली डिस्क आपोआप सुटते. हातोड्याचे घाव चाकाच्या बेअरिंगला लागतात. हबचा पृष्ठभाग नीट घासून साफ कर. तिथे गंजाचा एक कण राहिला तरी नवी डिस्क तिरकी बसते आणि पेडल पायाखाली थरथरतं.

सामान घ्यायला येलो लाईनने थेट काश्मीरी गेटला जा. उत्तरेत सुट्या भागांची एवढी मोठी बाजारपेठ दुसरी नसेल, पण ब्रँडची नक्कल तिथेही मिळते. जुना पॅड बरोबर ने, पक्कं बिल माग, आणि ब्रेकच्या सामानात स्वस्ताकडे वळू नकोस. ब्रेक ऑइलचा डबा सीलबंद घे. ते ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट 3 ऑइल नवं असताना 205 अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की 140 अंशांना उकळू शकतं. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसतं. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलावं.

आता माझी चूक सांगतो. गेल्या वर्षी ऑइल बदलताना डावीकडचा निपल निघेना. चार वाजून गेले होते, अंधार पडण्याआधी काम संपवायचं होतं. तेल मारून एक रात्र थांबायला हवं होतं. मी पान्याला लांब पाइप लावून जोर दिला आणि निपल आतच तुटला. अख्खा कॅलिपर बदलावा लागला, गाडी आठ दिवस उभी राहिली. पैशांचं फार नाही. पण तो निपल माझ्या घाईने तुटला, गंज त्याला निमित्त झाला, हे मी विसरलेलो नाही.

कुठे थांबायचं हेही सांगून ठेवतो. ब्रेक ऑइलचे लोखंडी पाइप गाडीखालून मागे जातात. त्यांच्यावर पापुद्रे सुटत असतील, नखाने खड्डे लागत असतील, तर त्यांचे नट फिरवायला जाऊ नकोस. नटाबरोबर पाइप पिळवटून तुटतो. पिस्टनवरचं रबर फाटलं असेल, पिस्टन क्लॅम्पने सरळ आत जात नसेल, एखाद्या बोल्टचे आटे गेले असतील, तर गाडी आहे तिथेच ठेव आणि जाणत्या मिस्त्रीला घरी बोलाव. त्यात कमीपणा नाही. माझ्या मागच्या पाइपांचं काम मी मिस्त्रीकडूनच करून घेतलं आणि शेजारी बसून पाहिलं.

हवा काढायला दुसरा माणूस लागतो. आमच्याकडे चिनू पेडलवर बसली. मी "दाब" म्हटलं की ती दाबायची आणि "दाबलं" म्हणायची, मी निपल उघडून बंद करायचो आणि मगच "सोड" म्हणायचो. बारावीतली मुलगी, पण तासभर एकदाही चुकली नाही. नळीतून येणारं काळपट ऑइल पिवळसर झालं, बुडबुडे थांबले, तेव्हा तिनेच विचारलं, "बाबा, एवढं घाण ऑइल घेऊन आपण आग्र्याला जाऊन आलो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

हे सगळं वाचून तुला वाटेल की मामा नको म्हणतोय. तसं नाही. कर. तुझ्या गाडीच्या ब्रेकची हालत काय आहे हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघ. पुढे गॅरेजमध्ये दिलीस तरी काय विचारायचं आणि काय दाखवा म्हणायचं ते तुला कळेल. ताईला घेऊन दिवाळीत जयपूरला जाणार आहेस ना, त्याआधी हे होऊ दे.

शेवटचं, आणि सगळ्यात महत्त्वाचं. पिस्टन मागे ढकललेला असतो, त्यामुळे काम झाल्यावर पेडल पहिल्यांदा दाबशील तेव्हा ते थेट तळाला जाईल. गाडी सुरू करण्याआधी, जागेवरच, पेडल कडक होईपर्यंत दाबत राहा. ऑइलची पातळी बघ, चाकाचे नट पुन्हा आवळ, मग रिकाम्या रस्त्यावर हळू चालवून हलके ब्रेक दाबत नवे पॅड बसू दे. पेडल मऊ लागलं तर गाडी फाटकाबाहेर काढू नकोस. रात्रीचे बारा वाजले असले तरी मला फोन कर.

तुझा,
मामा