कुंडमळ्याचा पूल

लोकलने बेगडेवाडीला उतरायचं, शेलारवाडीतून नदीपर्यंत चालत जायचं आणि पूल ओलांडला की आत्याचं घर. सुट्टीतली आमची वाट हीच. इंद्रायणीवरचा तो लोखंडी पूल इतका अरुंद, की समोरून मोटारसायकल आली तर कठड्याला पाठ लावून उभं राहावं लागायचं. ती जाईपर्यंत पायाखाली थरथर जाणवायची. आत्या लगेच म्हणायची, "चला गं, पुलावर थांबायचं नाही. पाणी काठावरनं बघा."

नदीच्या पात्रात काळा कातळ आहे. भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षं एकाच जागी गरगरत राहतात आणि कातळ कोरत जातात. त्यातून झालेले खळगे म्हणजेच कुंडमळ्याची कुंडं. पुस्तकात त्यांना रांजणखळगे म्हणतात. उन्हाळ्यात पाणी उतरलं की आत्या मला एकेका कुंडात हात घालू द्यायची. तळाशी गार पाणी आणि अंड्यासारखे गुळगुळीत गोटे. पावसाळ्यात मात्र कातळाकडे फिरकायचीसुद्धा बंदी होती.

पूल झाला तो शेतकऱ्यांच्या ये-जा करण्यासाठी. पुढे शनिवार-रविवारी शहरातून माणसं येऊ लागली आणि फेसाळतं पाणी बघत पुलावरच रेंगाळू लागली.

१५ जून २०२५, रविवार. दुपारी पूल कोसळला. चार जीव गेले, पन्नासहून अधिक माणसं जखमी झाली. मी फोन लावत होते, लागत नव्हता. संध्याकाळी आत्याचाच आला. "आम्ही बरी आहोत गं," एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. तीन दिवसांनी, याच नदीच्या काठी, खाली देहूतून तुकोबांची पालखी निघाली. आत्या एरवी दर्शन चुकवत नाही. त्या वर्षी ती घरीच बसून राहिली.

पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. पण फलक लावून जबाबदारी संपत नाही. पूल वेळेत बंद करून गावाला दुसरी वाट द्यायला हवी होती; निदान गर्दीच्या दिवशी दोन्ही टोकांना माणूस तरी उभा करायचा. पूल पडल्यावर दूध, शाळा, दवाखाना, सगळ्यासाठी वळसा पडला तो गावकऱ्यांना.

पावसाळ्यात फिरायला जाल, तेव्हा गावच्या असल्या पुलावरून भराभर पलीकडे जा. फोटोसाठीसुद्धा थांबू नका.