आतेची बेलवांगी

चैत्र लागला की आमच्या अंत्रुज महालातली हवा जड होते. विहिरीचे पाणी तळाला जाते, भर दुपारी कुळागरातसुद्धा पान हलत नाही, आणि पानावर बसलेल्या माणसाला भाताबरोबर काहीतरी आंबट, पातळ असे हवेसे वाटू लागते. ही गरज भागावी म्हणून देवाने आमच्या भूमीत भिरंडांची झाडे लावून ठेवली आहेत. सोलकढीची थोरवी या नियतकालिकाच्या वाचकांना आम्ही नव्याने सांगावी असे नाही. तरीही आमच्या लहानपणी, म्हणजे 1961 नंतरच्या दहा-बारा वर्षांत, दर उन्हाळ्यात तीन-चार आठवडे आमच्या घरी सोलकढी मागे पडे आणि तिची जागा परसातल्या टोमॅटोंचे सार घेई.

टोमॅटो म्हणताच आज बाजारात मिळणारे घट्ट, गुळगुळीत, एका साच्यातून काढल्यासारखे फळ वाचकांनी डोळ्यांपुढे आणू नये. आमची ती फळे बसकी असत, लहान भोपळ्यासारख्या खोल शिरांची, देठाशी हिरवट. साल इतकी पातळ, की टोपलीत दोनाऐवजी तीन थर रचले तर खालचा थर घरी पोचेपर्यंत फुटलेला असे. ऊन चढत गेले की ती नीट लालही होत नसत, नारिंगीच राहत. हा त्या जातीचा दोष असे आम्हांला वाटे. पुढे कळले, की उष्णता तीस अंशांच्या पलीकडे गेली म्हणजे टोमॅटोतील तांबडे रंगद्रव्य धड तयार होत नाही, पिवळे तेवढे होत राहते. रात्रीही उकडू लागल्या की फुले गळतात आणि फळ धरत नाही. म्हणून वैशाखाच्या मध्यावर झाडे आपण होऊनच थांबत.

घरात त्यांना बेलवांगी म्हणत. हा शब्द आमच्या थोरल्या आतेने आणला. तिला बेळगावास, शहापुरात दिली होती; तरुणपणीच कपाळ पांढरे होऊन ती माहेरी परतली, ती कायमची. बियाणे तिने सासरहून आणले, की ते आधीपासूनच आमच्या परसात होते, यावर घरात दोन मते होती आणि दोन्ही मतांचे साक्षीदार आता हयात नाहीत. एवढे मात्र खरे, की ते जतन केले आतेने. आणि त्या फळाचा एक घासही तिने जन्मात खाल्ला नाही.

आतेचे सोवळे कडक होते. तिची चूल निराळी, तिची भांडी निराळी. देवळात समाराधना असली की खतखत्याच्या भाज्या चिरायला ती पहाटेच जाई. त्या रांधपात कांदा-लसूण नाही, तसाच टोमॅटोही नाही. आंबटपणाला सोलां, चिंच, अंबाडे. श्राद्धाच्या पानावर तर या फळाचे नावही काढायचे नाही. फिरंग्यांच्या गलबतांतून आलेले फळ ते, आणि आमचे देव तर त्याच फिरंग्यांच्या जुलमामुळे घर सोडून या डोंगरांच्या आड आलेले! कुशस्थळीचा मंगेश 1560 साली अघनाशिनी नदी ओलांडून प्रियोळास आला, ही कथा आम्ही तिच्याच मांडीवर ऐकली. अशा देवापुढे ते फळ ठेवावे, हे तिच्या कल्पनेतही बसले नसते.

आम्ही कॉलेजात जाऊन चार पुस्तके वाचून आलो, तेव्हा आम्हांला साहजिकच शहाणपण सुचले. एका एकादशीला आतेच्या पानाशी बसून आम्ही तिला हिशेब सांगितला. पानावरचा बटाटा अमेरिकेचा, रताळे तिथलेच, शेंगदाणा तिथलाच, हिरवी मिरची तिथली, आणि साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंदसुद्धा तिथला. उपवासाचे सारे पान परदेशी! एवढ्यावर न थांबता आम्ही देवळाच्या प्राकारात शिरलो. देवाला वाहिलेला अननस, सीतामाईचे नाव घेऊन बसलेले सीताफळ, पेरू, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू, एवढेच काय, दीपस्तंभाशेजारी उभा असलेला आणि ज्याला आपण 'देवचाफा' म्हणतो तो चाफादेखील समुद्रापलीकडून आलेला. मग बेलवांग्यांनीच काय घोडे मारले?

आतेने सगळे शांतपणे ऐकले. तिला राग आला नाही, याचाच आम्हांला राग आला. ती एवढेच म्हणाली, "मिरसांगो पयलीं आयल्यो आनी बसल्यो. हीं फाटल्यान आयल्यांत. हांकां रावूं दी." आधी आलेल्यांना जागा मिळाली, मागून आलेल्यांनी थांबावे. इतिहास म्हणून पाहिले तर हे उत्तर आमच्या पुस्तकांपेक्षा फारसे चुकीचे नव्हते. मिरची सोळाव्या शतकात आली आणि लवकरच स्वयंपाकात रुळली. टोमॅटो मात्र आपल्या बहुतेक घरांत चुलीपर्यंत पोचायला एकोणिसावे-विसावे शतक उजाडावे लागले.

आणि तीच आते, फाल्गुन-चैत्रात, पहिल्या बहराची फळे कुणालाही तोडू देत नसे. सर्वांत निरोगी झाड ती हेरून ठेवी. किनाऱ्यावरच्या आमच्या आंबट मातीत टोमॅटोला मर रोग फार. आज टवटवीत दिसणारे झाड उद्या हिरवेच्या हिरवे माना टाकून उभे असते. जे झाड मेलेल्या झाडाच्या शेजारी असूनही तगले, त्यावर ती चिंधी बांधी. त्या झाडाची दुसऱ्या-तिसऱ्या घोसातली फळे झाडावरच पूर्ण पिकू द्यायची, मग हाताने चुरून गर मातीच्या भांड्यात दोन-तीन दिवस ठेवायचा. त्यावर पांढरी साय धरली आणि वास येऊ लागला की बियांवरचे बुळबुळीत वेष्टन सुटले असे समजायचे. मग पाणी ओतायचे. तरंगेल ते पोकळ, तळाशी बसेल ते बी. ते सावलीत वाळवून, राखेत घोळवून, फडक्यात बांधून चुलीवरच्या शिंक्यात. तुळशीचे लग्न होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही.

"जे तू खात नाहीस त्याला शिवतेस कशी?" असे आमच्या आईने तिला एकदा विचारले होते. "बियांक सोवळें-ओवळें ना," असे तिचे उत्तर. पण हात मात्र ती विहिरीवर जाऊन दोनदा धूत असे.

साराचे काम आईकडे. सहा माणसांना बारा-पंधरा फळे लागत. ती उकळत्या पाण्यात घालून साल सुटली की काढायची, गार करून हाताने कुस्करायची आणि गाळायची. एका नारळाचा दाट रस निराळा, पातळ निराळा. पातळ रसात गर, मीठ, हिरवी मिरची आणि गुळाचा एक खडा घालून उकळी आणायची. दाट रस शेवटी घालायचा आणि त्यानंतर उकळी फुटू द्यायची नाही, नाहीतर आंबटाने नारळ फाटतो. वरून तूप, जिरे, हिंग, कढीपत्ता. हे सारे मातीच्या कुंडल्यात. कल्हई उडालेल्या पितळेत एकदा केले, तेव्हा सार असे कळकले की मांजरानेही तोंड लावले नाही. या फळाचा आंबटपणा आजच्या टोमॅटोसारखा जिभेच्या शेंड्यावर थांबत नसे; तो घशापर्यंत जाई आणि मागाहून गोडी येई. न पिकलेली शेवटची फळे तीळ-शेंगदाणे भाजून आते सांगे तशी बेळगावच्या पद्धतीने चटणीत जात. चव घेऊन मीठ बरोबर आहे का हे तिला कधी सांगता आले नाही. वासावरून मात्र तिने अचूक सांगितले.

1994 साली आते गेली. पुढे तीन वर्षे आईने बी धरले. मग स्वयंपाकघर नवे करायचे ठरले. चूल गेली, ओटा आला, आणि धुरकटलेले ते शिंके गड्यांनी कचऱ्याबरोबर बाहेर टाकले. त्यांचा काय दोष? आत काय आहे ते सांगायला आम्ही जागेवर नव्हतो. कळले तेव्हाही आम्हांला फारसे वाटले नाही, हे कबूल केलेले बरे. टोमॅटोच ते, रोपे विकत मिळतात. ती आणली, फळे सुरेख लागली. त्यांचे बी धरून दुसऱ्या वर्षी पेरले तर प्रत्येक झाड निराळे निघाले. संकरित बियाण्याची पुढची पिढी आईबापांवर जात नाही, हे पुस्तकात वाचलेले आम्हांला त्या दिवशी समजले. तिसऱ्या वर्षी मर रोगाने वाफाच बसला. आईने त्या चैत्रात बाजारचे टोमॅटो आणून सार केले, वाढले, आणि स्वतः मात्र सोलकढी घेतली. ती काहीच बोलली नाही. आम्ही मान वर केली नाही.

2009 साली शहापुरास आतेच्या सासरकडल्या एका लग्नाला गेलो होतो. मांडवामागच्या परसात हात धुवायला गेलो तर कुंपणाला टेकून शिरांची, बसकी, हिरव्या खांद्यांची फळे. घरच्या सूनबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, "गोव्याच्या काकू पाठवायच्या ना दरवर्षी पुडी, तेच हे." आते दरवर्षी बी पाठवीत होती, हे आमच्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. परतताना पुडी आमच्या खिशात होती.

ती फळे तंतोतंत तीच आहेत असे शपथेवर सांगता येणार नाही. टोमॅटोचे फूल बहुधा स्वतःच्याच परागाने फळते, म्हणून जात टिकते. तरी घाटावरच्या थंड हवेत इतकी वर्षे निवडले गेलेले ते बी. आमच्याकडे शिरा थोड्या उथळ वाटतात. आई त्या वेळी नव्वदीला आली होती. तिने पहिले सार प्यायले आणि म्हणाली, "गूळ जास्त झाला." त्यापलीकडे तिचे मत आम्हांला मिळाले नाही.

आता आमची सून इंदूरच्या मराठी घरातली आहे. ती या फळांची शेव घातलेली भाजी करते, आणि ती उत्तम होते. बी आम्ही धरतो. फडके खिडकीच्या गजाला बांधतो, कारण शिंके टांगायला चूल नाही. यंदा चैत्रातल्या समाराधनेला परसातली भाजी द्यायची होती. तांबडी भाजी, दुधी, अंबाडे, एक फणस अशी टोपली भरली. सुनेने वर चार बेलवांगी ठेवली होती. आम्ही ती उचलून ओट्यावर ठेवली आणि टोपली घेऊन देवळाकडे निघालो.