भुकेलेला नायक

आळशी माणसाला घोडा मिळाला तर तो काय करील? तो घोड्यावर बसणार नाही. घोड्यामागे दोन लांब काठ्या बांधील, त्यांवर झोळी ताणील, तीत आडवा होईल आणि डोळ्यांवर टोपी ओढून वाळवंटभर फरफटत जाईल! १९७० सालच्या ‘लो क्यामावानो त्रिनिता’ या इटालियन चित्रपटाचा नायक पडद्यावर येतो तो असाच.

त्यापूर्वीचे इटालियन काउबॉय मोठे करारी. १९६४ पासून सेर्जो लिओनेने दाखविलेला नायक आठवा. ओठांत चिरूट आणि हात सदा पिस्तुलाजवळ! गंमत अशी, की ‘त्रिनिता’चा दिग्दर्शक एन्झो बार्बोनी हा १९६६ च्या ‘जांगो’चा छायालेखक. त्या चित्रपटात मुडद्यांचा नुसता खच. तो टिपता टिपताच या गृहस्थाला वीररसाचा उबग आला असावा. मी वर्गात नवरस शिकवतो, पण एक रस दुसऱ्याची अशी खोड मोडताना क्वचितच पाहिला आहे. या चित्रपटातही गोळ्या सुटतात, नाही असे नाही; परंतु शेवटची मोठी मारामारी निव्वळ हातांची. चाळिशी उलटल्यापासून मला हेच सोसते.

एके रात्री मुलाने हा चित्रपट घरी लावला. अण्णा शेजारी ताट घेऊन बसले होते. आई गेल्यापासून ताट समोर येई आणि बहुतेक तसेच परत जाई. पडद्यावर त्रिनिताने घेवड्याने भरलेला खोलगट तवा पुढे ओढला आणि बकाबक खायला सुरुवात केली. पावाने तवा पुसला, निपटला. अण्णांना संवादातले अक्षर कळत नव्हते.

“घरचा माणूस दिसतो,” ते म्हणाले.

अण्णांचे काही चुकले नाही. या नटाचे पडद्यावरचे नाव टेरेन्स हिल. मूळचा मारिओ जिरोत्ती, जन्म व्हेनिसचा. त्याच्या दांडग्या भावाचे काम करणारा बड स्पेन्सर म्हणजे नेपल्सचा कार्लो पेदेर्सोली. १९५० साली शंभर मीटर मुक्तशैली एका मिनिटाच्या आत पोहणारा हा पहिला इटालियन! दोघांनी नावे अमेरिकन घेतली, भूक मात्र आपल्या गावचीच ठेवली.

पुढे कथा काय, साधीच. एका मेजरला आपल्या घोड्यांसाठी हवी आहे शांतताप्रिय मॉर्मन शेतकऱ्यांची दरी. हे दोघे भाऊ त्या भाविकांना ठोसे मारायला शिकवतात. बडचा ठोसा वरून टाळक्यात बसतो, उखळात मुसळ बसावे तसा. मेजर हरतो. मॉर्मन त्रिनिताला आपल्यात घेऊ पाहतात. पण तिथे कष्ट करावे लागणार हे कळताच स्वारी पुन्हा झोळीत!

हा शेवट अण्णांना मुळीच रुचला नाही.

“चार दिवस राबला असता तर काय झिजला असता?” ते चिडून म्हणाले. मग सुनेकडे वळून विचारले, “आमटी उरली आहे का गं?”