गुडगुडीचे पद

वारीच्या वाटेवर तुकोबांचे अभंग गाणाऱ्या कित्येकांच्या घरी गाथेची प्रत नसते. तरीही अभंग त्यांच्यापाशी असतो, कारण त्याची चाल त्यांच्या गळ्यात असते. पदाचे शब्द कागद सांभाळतो, चाल मात्र गळ्यालाच सांभाळावी लागते. हा विचार माझ्या मनात नव्याने जागा झाला, तो अगदी आधुनिक निमित्ताने. २००८ साली ‘अंतराग्नी : द रघू दीक्षित प्रोजेक्ट’ या नावाने निघालेला, बंगळुरूच्या एका बँडचा पहिला अल्बम हे ते निमित्त होय.

बंगळुरूस नोकरी करणारा माझा पुतण्या सुटीत घरी आला असता म्हणाला, “काका, यातलं एक पद तुमच्या ओळखीचं निघेल, ऐका तरी.” गिटार, व्हायोलिन आणि ड्रम यांच्या गजरात काही हिंदी गाणी झाली, एक इंग्रजी झाले, आणि मग ठसकेबाज कानडीत ‘गुडगुडिया’ सुरू झाले. शिशुनाळच्या संत शरीफसाहेबांचे हे पद. गुडगुडी हा शब्द आपल्याही बोलीतला. तंबाखूचा झुरका घेण्याच्या त्या साध्या उपकरणावर शरीफसाहेबांनी देहाचे आणि मनाचे रूपक केले आहे. व्यसनाचे साधन हाती घेऊन साधनेची गोष्ट सांगण्याची ही तऱ्हा नाथांच्या भारुडांवर वाढलेल्या मराठी कानाला परकी कशी वाटावी? नाथांनी विंचवाकडून जे काम करून घेतले, तेच शरीफसाहेबांनी गुडगुडीकडून करून घेतले.

शरीफसाहेबांचा जन्म १८१९ सालचा. शिशुनाळ हे गाव आज हावेरी जिल्ह्यात आहे, पूर्वी ते धारवाडात होते. मुसलमान घरात जन्मलेल्या या पुरुषाने कळसच्या गोविंदभट्टांना गुरू केले. काही काळ त्यांनी शाळामास्तरकीही केली, याचे मला व्यवसायबंधू म्हणून विशेष कौतुक आहे. १८८९ साली ते गेले. त्यांची पदे बहुतांशी गावोगावच्या गाणाऱ्यांनी मुखोद्गत ठेवली. पुढे सी. अश्वथ यांनी ती सुगम संगीतात आणून शहरांपर्यंत नेली. १९९० साली टी. एस. नागाभरण यांनी शरीफसाहेबांवर चित्रपट काढला, त्याचेही संगीत अश्वथांचेच. आणि त्यानंतर अठरा वर्षांनी तेच पद गिटारवर आले. पद एक, पण प्रत्येक पिढीने त्याला आपापल्या घरचे वस्त्र नेसविले.

हे नवे वस्त्र ज्याने नेसविले, तो रघू दीक्षित जन्माने नाशिकचा आणि वाढला म्हैसुरात. सूक्ष्मजीवशास्त्राची उच्च पदवी घेतलेला, भरतनाट्यम शिकलेला हा तरुण रंगमंचावर लुंगी नेसून, पायांत घुंगरू बांधून गातो. आपल्याकडे गाणे म्हणजे चित्रपटाचे गाणे, असा व्यापारी समज रूढ असल्यामुळे त्याच्या गाण्यांना कंपनी मिळेना. कैक वर्षे गेल्यावर चित्रपटसंगीतातच नाव कमावलेल्या विशाल-शेखर या जोडीने ती ऐकली, आणि अल्बम निघाला. २०१० साली हा बँड बीबीसीच्या दूरचित्रवाणीवर गायिला.

गावातला गाणारा पदाचे एक कडवे म्हणून थांबतो, श्रोत्यांकडे पाहून त्याचा अर्थ उलगडतो, मग पुढे सरकतो. ती उसंत बँडच्या वेगात उरत नाही, आणि ड्रमच्या आघाताखाली एखादे अक्षर दबतेही. हे उणे मी मान्य करतो. परंतु माझ्या पुतण्याला, ज्याचे कानडी बाजारहाटापुरतेच आहे, ते पद पहिल्यापासून शेवटपर्यंत तोंडपाठ होते. अर्थ त्याने मला विचारला. आधी चाल गळ्यात बसली आणि मग अर्थाची भूक लागली. आम्ही शिक्षक मंडळी वर्गात नेमका याच्या उलटा क्रम लावतो.

त्या रात्री मी आमच्या थोरल्या आत्याची वही काढली. शरीफसाहेबांहून दोनच वर्षांनी वडील असलेले, १८१७ साली लाडवंतीस जन्मलेले श्रीमाणिकप्रभू हे आमच्या मुलखाचे दैवत. हुमनाबादजवळच्या माणिकनगरी १८६५ साली त्यांनी समाधी घेतली. त्यांनी मराठीत पदे रचली, कानडीत रचली, हिंदुस्तानीतही रचली. आत्याच्या वहीत ही पदे शेजारी शेजारी आहेत; कानडी पदेही तिने बाळबोध लिपीत उतरून घेतली आहेत. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होऊन बीदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात आले, शेजारचे नांदेड आणि उस्मानाबाद मुंबई राज्यात गेले. आत्याच्या वहीत मात्र अशी कोणतीही रेषा ओढलेली नाही.

काही पदांच्या डोक्यावर तिने “चाल – नेहमीची” एवढेच लिहिले आहे. ती नेहमीची चाल कोणती, हे सांगणारे आमच्या घरात आज कोणी नाही. एका नाशिकात जन्मलेल्या माणसाच्या गळ्यातून धारवाडी पद साता समुद्रापार पोचले. आणि आमच्याच अंगणातली काही पदे, शब्द शाबूत असून, मुकी होऊन वहीत पडली आहेत. मला ही तुलना बोचते.

सीमाभागात मराठी टिकावी म्हणून आपण शाळा मागतो, पुस्तके मागतो, पाट्या मागतो, आणि ते मागितलेच पाहिजे. पण गळ्याचा कारभार कोणत्याही सरकारच्या हाती नसतो. तो घरचा आहे. यंदापासून मी शाळेत शनिवारचा शेवटचा तास पदांसाठी राखला आहे. गावातल्या एक वृद्ध बाई येऊन गातात, मुले त्यांच्यामागून म्हणतात. सातवीतला एक मुलगा पत्र्याच्या डब्यावर असा ठेका धरतो, की बाईंनाही हसू येते. त्याची घरची भाषा दख्खनी उर्दू आहे. मराठी पद सर्वांत शुद्ध चालीत म्हणतो तोच. कोणी सांगावे, उद्या त्याच्या हाती गिटार आली तर या पदाला तो कुठवर नेईल!

माझी वाचकांस एकच विनंती आहे. ज्यांच्या घरी अशी वही असेल आणि ‘नेहमीची चाल’ ठाऊक असलेले एखादे माणूस अजून बसते-उठते असेल, त्यांनी या दिवाळीला त्या माणसाजवळ बसावे, खिशातला मोबाईल काढून ती चाल टिपून घ्यावी, आणि मग घरातल्या एका तरी मुलाकडून ती गाऊन घ्यावी. पहिली दोन कामे एका दुपारची आहेत. तिसरे काम चिकाटीचे आहे, आणि खरे महत्त्व त्यालाच आहे.